मावशीचे तळवे

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

काल दुपारी काकांचा दुकानातून फोन आला. तुला लघवीतून रक्त जातंय, एवढंच त्यांनी हळू आवाजात सांगितलं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. मी लॅबमध्ये उभी होते. नंतरचं काम कसं केलं ते माझं मला ठाऊक.

दुकानाच्या फोनवर तुला काही विचारून उपयोग नाही. काका शेजारी असतात आणि तू "सगळं छान" म्हणून मोकळी होतेस. मोबाइलला तुझी निबर बोटं कळत नाहीत म्हणून तो तू कपाटात ठेवून दिलास. म्हणून हे पत्र, आणि तेही कारखान्याच्या पत्त्यावर.

मला खरं खरं सांग. रंग कसा असतो, लाल की काळपट? रोज होतं की मधूनमधून? पाठीत दुखतं का? पायांवर सूज? मावशी, आजीच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टर बोलायचे आणि आपण सगळे नुसत्या माना हलवायचो. घरात कुणाला एक शब्द कळत नव्हता. आता एक जण शिकलेली आहे. तू आईशी भांडून मला कॉलेजात घातलंस. ते शिक्षण तुझ्या उपयोगी पडणार नसेल, तर ती पदवी भिंतीवरून काढून टाकलेली बरी.

तुझ्या हातांचं कसं आहे? हातांच्या ऑपरेशननंतर तू तो आफ्रिकी ढोल, जेंबे, सोडलास, तेव्हापासून मुंग्या येत नाहीत ना? हेही लिही. काहीच लपवू नकोस.

तुझी
बारकी

९ फेब्रुवारी

बारके,

पाकिटावर माझा पत्ता तू इतक्या टापटिपीने लिहिलास की मुकादम म्हणाला, बाई, कोर्टाची नोटीस आलीय. सगळ्या कारखान्यासमोर फोडावं लागलं.

आता तुझी उत्तरं. रंग बिनदुधाच्या चहासारखा. दुखत काही नाही. सूज नाही. रोज होत नाही, शुक्रवार-शनिवारकडे होतं आणि सोमवारपर्यंत साफ. माझी किडनीही कारखान्यासारखी आठवड्याच्या शेवटाला ओव्हरटाइम करत असावी. मी कुणाला सांगणारही नव्हते. पण एका शनिवारी कारखान्यात तपासणीची गाडी आली, सगळ्यांना बाटल्या वाटल्या, आणि माझी बाटली बघून तिथली पोरगी उठून उभीच राहिली. मग मोठं हॉस्पिटल, मोठे डॉक्टर. आजीचं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता अठरा मार्चला पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढणार आहेत. मी म्हटलं, सोफ्याच्या जाड कापडातून दिवसभर दाभण ओढणाऱ्या बाईला सुईची भीती घालू नका. ते हसले नाहीत.

जेंबेचं कशाला काढतेस? ते ऑपरेशनबरोबर संपलं. तुझ्या काकांनी स्वतः उचलून तो आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रींना परत नेऊन दिला, तू लहान होतीस तेव्हा. मिस्त्री आता थकले. लाकूडकाम जमत नाही. मार्चमध्ये कायमचे आफ्रिकेला, आपल्या गावी परत चाललेत. सोफ्यांचे सांगाडे करता करता त्यांनी आम्हा सगळ्यांना वाजवायला शिकवलं, मी तर एकोणीस वर्षांची होते. वाईट वाटतं, एवढंच.

तू जेव. डोळ्यांखाली काळं आलंय म्हणाली तुझी आई.

तुझी मावशी

१३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं, सांगत नाही. दुखत नाही असं तू आनंदाने लिहिलंयस. न दुखणारं रक्त हेच जास्त वाईट असतं, हे मला शिकवलंय आणि मला ते विसरता येत नाही.

आमच्या लॅबच्या मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, घरच्या माणसाचा विचार करताना तंत्रज्ञाने आधी पाणी प्यावं. मी प्यायले. मग एक निर्णय घेतला.

आजीला कुणी किडनी देऊ शकलं नाही, कारण कुणाला विचारायचं सुचलंच नाही. तुझ्यावर ती वेळ आली तर मी देणार. माझा रक्तगट तुझाच आहे. बाकीच्या तपासण्यांची सुरुवातही मी केली आहे. मोठ्या संस्थेतल्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली होती, तुला सांगणारच होते. तिथे मी येऊ शकत नाही असं कळवलं. दोन्ही गोष्टी एका वेळी व्हायच्या नाहीत. आईला यातलं काही ठाऊक नाही.

नाही म्हणू नकोस. तू माझ्यासाठी काय केलंस त्याची ही फेड नाही, फेड होतच नसते. मला फक्त तू हवी आहेस.

बारकी

२० फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मावशीला न सांगता लिहीत आहे. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे.

तिने तुझं शेवटचं पत्र घरी आणलं आणि मोरीत जाऊन रडली. नळ सोडून रडली, म्हणजे मला कळू नये. काय लिहिलं होतंस ते मी विचारलं नाही. पण ती काहीतरी लपवत आहे. शुक्रवारी कारखाना सुटल्यावर उशिरा येते, शनिवारी अर्धा दिवस असून संध्याकाळी येते. काम जास्त आहे म्हणते. मी मुकादमाला सहज विचारलं, तर तो भलतीकडे बघून हवापाण्याचं बोलायला लागला. मला वाटतं ती कुठेतरी एकटी बसून राहते. तिला मरणाची भीती वाटत असेल आणि माझ्यासमोर दाखवायची नसेल. तिचा स्वभाव तुला माहीत आहे.

आणखी एक. उशिरा येते त्या दिवशी तिचे तळवे लालबुंद असतात, गरम लागतात. मी हात धरला तर काढून घेते. हे किडनीचं लक्षण आहे का? डॉक्टरांना सांगायला हवं का? तू शिकलेली आहेस, तू म्हणशील तसं करू.

ऑपरेशनच्या वेळी मी तिचे हात सांभाळले होते. आता ती ते माझ्या हातात देत नाही, याचं वाईट वाटतं.

तुझे काका

२६ फेब्रुवारी

मावशी,

आज मी 'प्रिय' लिहिणार नाही.

तुमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझी कॉलेजातली मैत्रीण आहे. गेल्या शनिवारी तू बाटली दिलीस, ती तिनेच तपासली. माझ्या सांगण्यावरून तिने लगेच, नमुना ताजा असतानाच, काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रंगाची पट्टी सांगत होती, रक्त आहे. काचेवर मात्र रक्ताची एक पेशी दिसत नव्हती. तिने मला फोन केला, मी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, असं रक्त किडनीतून येत नाही. पेशी आधीच, शरीरात दुसरीकडे कुठेतरी फुटलेल्या असतात, फक्त त्यांचा रंग खाली उतरतो. मग त्यांनी मला विचारलं, "तुझी मावशी लांब पल्ल्याचं पळते का? की कशावर हात आपटते?"

मी नाही म्हणाले. घरी आले तर काकांचं पत्र दारात पडलेलं. तू शुक्रवार-शनिवार उशिरा येतेस. तुझे तळवे लाल असतात.

तू वाजवतेस. कुठे ते मला कळत नाही, पण तू जेंबे वाजवतेस, आणि तासन्‌तास वाजवतेस. जोरजोरात आपटलेल्या तळव्यातून जाणारं रक्त फुटतं आणि तेच तुझ्या बाटलीत येतं. निदान मला तरी तसं वाटतं. खात्री नाही.

मी तुला किडनी द्यायला निघाले होते. काका तुझ्या मरणाची तयारी करताहेत. डॉक्टर एका कदाचित धडधाकट किडनीत सुई घालणार आहेत. आणि तुला कारण माहीत होतं?

मला उत्तर हवं. विनोद नकोत.

बारकी

२ मार्च

बारके,

बरं, विनोद नाही.

कारण मला माहीत नव्हतं. वाजवल्यावर रंग येतो, एवढं दिसत होतं. ते हातांमुळे की जास्त दमल्यामुळे आतलं दुखणं वर येतं, हे मला कुणी सांगितलं असतं? विचारायचं तर वाजवते हे सांगावं लागलं असतं.

कारखान्याच्या मागे फोमचं गोदाम आहे. चारी भिंतींना छतापर्यंत फोमच्या गाद्या रचलेल्या. आत कितीही वाजवलं तरी दार लावल्यावर बाहेर काही ऐकू येत नाही. मिस्त्रींनी माझा जेंबे तिथेच ठेवला होता. ऑपरेशननंतर पुष्कळ दिवस मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एकदा फोम आणायला गेले, आणि जाता जाता कातड्यावर नुसता तळवा टेकवला. बकऱ्याचं कातडं हवेप्रमाणे सैल पडतं, ताणतं. त्या दिवशी ते सैल होतं. मला बघवेना, म्हणून दोऱ्या ओढून ताणून ठेवला. ताणलेला जेंबे न वाजवता कसा ठेवणार? ही गोष्ट आजची नाही, खूप वर्षांची आहे.

तुझ्या काकांना सांगितलं नाही कारण पुन्हा वाजवणार नाही अशी मी त्यांच्या गळ्याची शपथ घेतली होती. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या तेव्हा त्यांनी मला भरवलं, पोलक्याची बटणं लावली. वेणी इतकी वाकडी घालायचे की बायका वळून बघायच्या, आणि मी ती सोडत नसे. त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू?

आता ऐक. सोळा तारखेला, रविवारी, शाळेच्या सभागृहात मिस्त्रींच्या निरोपाला आम्ही सहा जण वाजवणार आहोत. मिस्त्रींचे हात थरथरतात, म्हणून पुढे मी बसायचं असं त्यांनी ठरवलंय. आयुष्यभर मी मागे बसून त्यांचा ठेका धरला. जो पुढे बसतो तो इशारा देतो, आणि इशाऱ्याशिवाय कुणी थांबायचं नाही, तळवा फुटला तरी नाही. त्यांचा हा एकच नियम. म्हणून इतका सराव. म्हणून तो रंग.

तू गप्प राहा. सोळाला मी वाजवते, अठराला डॉक्टरांना सुई घालू दे. सुईने मी मरत नाही. ह्यांना कळणारही नाही, आणि किडनीत काही नाही हे कळून सगळे सुटतील.

आणि तुझी शंका चुकली असेल, आजीसारखंच असेल, तर निदान सोळा तारीख तरी मला मिळू दे.

किडनीचं पुन्हा बोलायचं नाही.

मावशी

५ मार्च

प्रिय मावशी,

मी गप्प राहणार नाही. राहता येत नाही मला. गुपित सांभाळायला एका चांगल्या अवयवात सुई घालून घेणं याला तू काहीही म्हण, मी त्यात सामील होणार नाही. त्या सुईने काही वेळा आत रक्तस्राव होतो. ते तुला सांगितलं असेल आणि तू मान हलवली असशील, आपण आजीच्या वेळी हलवायचो तशी.

पण सोळा तारीख मी तुझ्याकडून काढून घेणार नाही. मॅडमबरोबर बसून मी असं ठरवलं आहे.

हे पत्र हातात पडल्यापासून जेंबेला हात लावायचा नाही. टेबलावर ठेकासुद्धा नाही. सोळाला सकाळी माझ्या मैत्रिणीकडे नमुना द्यायचा. तो साफ निघाला तर कार्यक्रमाला जायचं, भरपूर पाणी पिऊन वाजवायचं, आणि संपल्यावर पुन्हा नमुना द्यायचा. सकाळी साफ आणि संध्याकाळी काळा, असं झालं तर दोष हातांचा, किडनीचा नाही. मॅडम तुमच्या डॉक्टरांना स्वतः लिहिताहेत.

सकाळचा नमुना साफ निघाला नाही, तर तू सभागृहात जाणार नाहीस. हॉस्पिटलमध्ये जाशील, आणि मी तिथे असेन.

वाईट बाजूही लिहिते, कारण तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. दोष हातांचा ठरला तरी असं वारंवार होणं किडनीला चांगलं नाही, आणि आपल्या घरात आजीचा इतिहास आहे. म्हणजे सुई टळेल, पण इतका वेळ वाजवणंही संपेल. तू पुढे बसायची ती पहिली आणि शेवटची वेळ असेल.

काकांना तू सांगायचं. डॉक्टरांकडे जायच्या आधी, म्हणजे दहा तारखेच्या आत. नाही सांगितलंस तर मी येऊन सांगेन. मला ते करायला लावू नकोस. मी काकांच्या डोळ्यांत बघू शकणार नाही, आणि तुझ्याही.

बारकी

१० मार्च

बारके,

सांगितलं.

काल संध्याकाळी ते दुकानातून आले, चहा घेतला, आणि मी सांगितलं. सगळं, एका दमात, गोदामापासून सोळा तारखेपर्यंत. त्यांनी कप उचलला, मोरीत नेऊन स्वतः विसळला. मग म्हणाले, "उद्या तू गेली असतीस, तर मला कारणसुद्धा कळलं नसतं."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

आज माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आले. मला तिथे बोलता येईना. तेव्हा त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं, ही ढोल वाजवते. मी म्हटलं, जेंबे. ते म्हणाले, जेंबे वाजवते, आणि गेली कित्येक वर्षं मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी तुझ्या मॅडमचं पत्र पुन्हा वाचलं, माझे हात उलटेपालटे करून पाहिले. थोडे चिडले. आधी का सांगितलं नाही म्हणाले. पण सुईचा निर्णय सतरापर्यंत राखून ठेवायला तयार आहेत. सोमवारी दोन्ही निकाल पाहून ठरवतील.

हात लावत नाही. खरंच नाही. परवा रेक्झिनचा तागा उलगडताना बोटं आपोआप चालायला लागली तर मुकादमाने टाच ठेवून तागाच थांबवला. तोही आमच्यातलाच, मागे बसतो. मिस्त्रींना सांगितलं की सरावाशिवाय बसावं लागेल. ते म्हणाले, अंथरुणावर पडून मनात वाजव, तिथे हात दुखत नाहीत.

पडून असते. मनात ठेका सुरू होतो आणि मधेच आजीचा सुजलेला चेहरा येतो. सकाळची बाटली साफ निघाली नाही तर? इतके दिवस वाजवत होते, तेव्हा भीती नव्हती. तू हात थांबवलेस आणि भीती मोकळी झाली.

हे भिंतीकडे तोंड करून झोपतात.

मावशी

१७ मार्च

प्रिय बारके,

फोनवर तुला निकाल कळलाच. पण फोनवर हे दुकानात उभे होते, म्हणून बाकीचं लिहिते.

रविवारी सकाळी आम्ही दोघं लॅबबाहेरच्या बाकावर बसलो. तुझी मैत्रीण बाटली घेऊन आत गेली. हे समोरच्या भिंतीवरचा दात घासायचा तक्ता वाचत होते. मी म्हटलं, साफ नसेल तर घरी चला, हॉस्पिटलात नको, आधी घरी. त्यांनी माझा हात घेतला, उलटा केला, आणि तळवा पाहिला. आठवडाभर न वाजवल्याने तो मऊ पडला होता. इतक्यात तुझी मैत्रीण दारातूनच म्हणाली, मावशी, पाण्यासारखी स्वच्छ.

सभागृहात हे मागे, दाराजवळ उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मिस्त्री पहिल्या रांगेत. मी पुढे बसले आणि पहिला इशारा दिला, तो चुकला. थोडा लवकर पडला. मागचे पाच जण तरीही बरोबर आले, कारण आम्हाला तसंच शिकवलंय, पुढच्याचं चुकलं तरी त्याला एकटं सोडायचं नाही. मग हात सुटले. मध्ये तळवा पडला की जमिनीतून येतो तसा खोल आवाज, काठावर बोटं पडली की कोरडा, चिरत जाणारा. फोमच्या गोदामात मी इतकी वर्षं आवाज भिंतींना खाऊ घातला. इथे तो छताला लागून परत येत होता, आणि मला माझंच वाजवणं नवं वाटत होतं.

तू सांगितलं होतंस तसं मधे मधे पाणी पीत होते. एका हाताने प्यायचं, दुसऱ्याने ठेका धरायचा. तळवे पेटले. थांबायला हवं हे मला कळत होतं. मी इशारा दिला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. पण मिस्त्रींनी डोळे मिटले होते, आणि मांडीवर त्यांचे थरथरते हात आमच्याबरोबर पडत होते, अगदी वेळेवर. ते थांबेपर्यंत मला थांबवेना. मी दाराकडे पाहिलं. हे घड्याळाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मग त्यांनी घड्याळाचा हात खिशात घातला.

थोड्या वेळाने मिस्त्रींनी डोळे उघडले. तेव्हा मी इशारा दिला. सहाच्या सहा जण एकदम थांबले.

लोक टाळ्या वाजवत होते आणि मी बाटली घेऊन मोरीत. तुला सांगते, तिथे उभी राहून मी जे मागितलं ते आजवर कुणी मागितलं नसेल. म्हटलं, काळी येऊ दे. तुझ्या मैत्रिणीला दाखवायला, डॉक्टरांना दाखवायला, ह्यांना दाखवायला, काळी येऊ दे. आणि त्याच वेळी आतून वाटत होतं, साफ येऊ दे, म्हणजे उद्याही असंच वाजवता येईल. दोन्ही एकदम मागत होते.

हे दाराबाहेर उभे होते. म्हणाले, काय?

मी म्हटलं, काळी. चहासारखी.

ते तिथेच पायरीवर बसले. आधी हसले, मग चेहरा ओंजळीत धरून बराच वेळ बसून राहिले. मी शेजारी बसले. आत लोक खुर्च्या सरकवत होते. आम्ही दोघंही जिंकलो होतो, बारके, आणि माझे हात मांडीवर पडलेले होते, ते कुठे ठेवावेत मला कळेना.

आज डॉक्टरांनी सुई रद्द केली. त्यांनी ओरडून सांगितलं ते तू आधीच लिहिलं होतंस, म्हणून मला नवीन काही वाटलं नाही. यापुढे पुढे मुकादम बसेल. त्याचा ठेका पळतो, पण सुधारेल. मिस्त्री बुधवारी निघतात. तू त्या प्रशिक्षणाला आजच कळव की येतेस म्हणून. तुझ्या दोन्ही किडन्या घेऊन जा.

संध्याकाळी हे दुकानातून आले, चपला काढल्या, आणि दारातूनच विचारलं, "थोडा वेळ वाजवलं तर चालतं ना?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले चालतं. "थोडा म्हणजे किती?" मी म्हटलं, ते बारकीला विचारावं लागेल. ते म्हणाले, "मग विचार. आणि त्या कोंदट गोदामात नाही. घरी वाजव, मला दिसेल असं."

म्हणून विचारते. मॅडमशी बोल, पुस्तकं उघड, काय करायचं ते कर, आणि मला एक आकडा कळव. मी तो पाळीन, ह्यांच्यासमोर घड्याळ लावून पाळीन. पण बारके, आकडा लिहिताना कंजुषी करू नकोस.

तुझी मावशी